मुंबईत उतरायचे कुठे?

आपल्या शेतकरी कुटुंबांना मुंबई काही परकी नाही. हौसेने जाणारे थोडे, गरजेने जाणारे फार. कुणाला मोठ्या इस्पितळात दाखवायचे असते, कुणाची हायकोर्टात तारीख असते, कुणाचा कागद मंत्रालयातल्या एखाद्या टेबलावर अडकलेला असतो, तर कुणाच्या मुलीची मुलाखत असते. जायचे ठरले की घरात धांदल उडते. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली जाते, शेजाऱ्याला गुरांच्या वैरणपाण्याचे सांगून होते, पैसे दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवले जातात. सगळी तयारी झाली की म्हातारी आई विचारते, “अरे, पण उतरणार कुठं?” बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते, “बघू तिथं गेल्यावर.” हा लेख त्या ‘बघू’विषयी आहे.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. लालबाग, परळ, वरळी, नायगाव या गिरणगावात आपल्यापैकी प्रत्येकाचा कुणी ना कुणी असे. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांनी तिथे गावकीच्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे राहत. पाळीला गेलेल्याच्या जागेवर पाळीवरून आलेला झोपे, आणि जेवण खानावळीत. बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तरी गावचा पाहुणा दारातून परत गेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. कामगार गावी परतले नाहीतर बदलापूर-विरारकडे गेले. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. आता नातेवाईक आहेत, पण ते दीड तास लोकलच्या अंतरावर आहेत. त्यांच्या दोन खोल्यांत आजारी माणूस आणि चार पाहुणे घेऊन जायचे म्हणजे त्यांनाही संकोच आणि आपल्यालाही.

म्हणून आज बहुतेकांना लॉज किंवा साधे हॉटेल पाहावे लागते. गावाकडे लॉज म्हटले की थोडे नाक मुरडले जाते, आणि शहरात हॉटेल म्हटले की खिशाची भीती वाटते. दोन्ही अर्धवट खरे आहे. भर शहरात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, चार-सहा माणसांना ऐसपैस पुरेल अशी आणि आपल्याला झेपेल अशी खोली मुंबईत मिळते. मात्र ती कुठे शोधायची आणि कशी पारखायची हे ठाऊक पाहिजे.

भर वस्तीतच का?

आपल्या बहुतेक गाड्यांचा शेवट बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला होतो. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, गोंदियाची विदर्भ, मराठवाड्यातून येणारी देवगिरी, या साऱ्या रात्रीच्या गाड्या सकाळी सहा-सातच्या सुमारास इथे येऊन लागतात. स्टेशनातून बाहेर पडून उत्तरेकडे दादाभाई नौरोजी रस्त्याने चालू लागा. डाव्या हाताला जे. जे. कला महाविद्यालयाची झाडी लागते आणि दहा मिनिटांत समोर क्रॉफर्ड मार्केटचा उंच मनोरा दिसतो. या दहा मिनिटांच्या टापूत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींतून साधी लॉज आहेत.

आता इथून काय काय जवळ आहे ते पाहा. सेंट जॉर्ज, कामा आणि गोकुळदास तेजपाल, म्हणजेच जी. टी., ही तीन सरकारी रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर. जे. जे. रुग्णालय थोडे पुढे, पण बसने किंवा टॅक्सीने सहज गाठता येते. परळचे टाटा आणि के. ई. एम. गाठायचे तर बोरीबंदरहून धीमी लोकल पकडायची आणि परळला उतरायचे. लोकल इथूनच सुटते, त्यामुळे आजारी माणसाला बसायला जागा मिळण्याची आशा असते. हायकोर्ट फोर्टात आहे आणि मंत्रालयाला जाणाऱ्या बसगाड्या स्टेशनाजवळूनच निघतात.

दूरच्या उपनगरातली खोली भाड्याला कमी पडते हे खरे. पण हिशेब भाड्यावर थांबत नाही. सकाळी नऊच्या आत ओ.पी.डी.चा केसपेपर काढायचा तर उपनगरातून गर्दीच्या लोकलने यावे लागते. त्या गर्दीत आपल्या घरातल्या बाईमाणसाला आणि म्हाताऱ्याला चढता येत नाही, मग टॅक्सी होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे कमीत कमी भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झाले, आणि तेही पहिल्या दीड किलोमीटरचे. परळपर्यंतच्या लांब फेऱ्या रोज दोनदा झाल्या की भाड्यात वाचवलेले पैसे दोन दिवसांत संपतात. दुपारी डॉक्टरांनी “तीन वाजता रिपोर्ट घेऊन या” म्हटले, तर जवळच्या खोलीवर जाऊन पाठ टेकता येते. दूरच्या खोलीचे भाडे दिले तरी दुपार रुग्णालयाच्या पायरीवरच जाते.

मोठी खोली ही चैन नव्हे

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण पैशाच्या बाबतीत वापरतो. लॉजमध्ये मात्र ती अक्षरशः खरी होते. नव्या पद्धतीच्या खोल्या अशा असतात की पलंग टाकला की उरलेल्या जागेत एकाने उभे राहायचे आणि दुसऱ्याने दारात. दोघांच्या दोन खोल्या घेण्यापेक्षा चार-पाच खाटांची एक जुनी, मोठी खोली पुष्कळदा स्वस्त पडते. शिवाय कुटुंब एकत्र राहते.

या भागातल्या जुन्या इमारतींना छत उंच असते, खिडक्या माणसाच्या उंचीच्या असतात, जिने रुंद असतात. मधे लाकडी कठड्याची गॅलरी असते, तिथे टॉवेल वाळत घालता येतो आणि म्हाताऱ्या माणसाला खुर्ची टाकून बसता येते. खोलीत फरशी मोकळी असेल तर मांडी घालून गोल बसून आणलेली भाकरी खाता येते. वातानुकूलित यंत्र नसले तरी उंच छताखाली पंखा आणि उघडी खिडकी बहुतेक महिने पुरते. रंग उडालेला असेल, कपाटाचे दार नीट लागत नसेल, आरशाला डाग असतील. त्याचे आपल्याला काही नाही. आपल्याला हवा, पाणी, स्वच्छता आणि जागा हवी.

मंडईजवळच्या अशाच एका लॉजमध्ये एका पावसाळ्यात माझा मुक्काम होता. शेजारच्या पाच खाटांच्या खोलीत परभणीकडचे एक कुटुंब उतरले होते. माणसे सहा. त्यांचा पुतण्या विहिरीत पडून जबर जखमी झाला होता आणि त्याला मुंबईला हलवले होते. पहिल्या दोन रात्री या सगळ्यांनी रुग्णालयाच्या आवारात, पावसाचे तुषार अंगावर घेत काढल्या होत्या. डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी संमती मागत होते आणि यांच्यात एकमत होत नव्हते. एक म्हणे करू, दुसरा म्हणे गावी नेऊ, बायका नुसत्या रडत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ही खोली घेतली. दोघे रुग्णापाशी, चौघे खोलीवर, अशा पाळ्या लावल्या. मुलाच्या आईने तीन दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतले. त्या रात्री सगळ्यांना आळीपाळीने झोप मिळाली आणि सकाळी थोरल्या काकांनी जाऊन सही केली. मला गॅलरीत भेटले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर काय सांगत होते ते आज पहिल्यांदा कळलं बघा. दोन दिवस नुसता आवाज ऐकू येत होता.”

शस्त्रक्रियेचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, कारण मी आधी निघालो. पण त्या काकांचे बोलणे मनात राहिले. भुकेल्या माणसाला शहरात कुणीतरी विचारतो, वडापाव तरी मिळतोच. झोप न झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि आपल्या घरातले मोठे निर्णय नेमके अशाच वेळी घ्यावे लागतात. म्हणून आजारपणाच्या खर्चात खोलीचे भाडे आधी धरावे, उरले तर पाहू असे म्हणू नये.

बैल पारखता, तशी खोली पारखा

बाजारात बैल घेताना तुम्ही दात पाहता, खूर पाहता, चार पावले चालवून पाहता. खोली घेताना मात्र आपण गल्ल्यापाशी उभे राहून पैसे मोजतो आणि मग वर जातो. हे उलटे झाले. आधी म्हणावे, “मॅनेजरसाहेब, खोली दाखवा, मग बोलू.” चांगला लॉजवाला किल्ली देऊन पोऱ्याला बरोबर पाठवतो. जो दाखवायला कुरकुरतो, तिथून पुढचे दार गाठावे.

वर गेल्यावर गादीचा कोपरा उचलून शिवणीत पाहावे. ढेकूण असले तर तिथेच काळे ठिपके दिसतात. चादर आणि उशीचे अभ्रे धुतलेले आहेत का ते पाहावे, नसतील तर आपल्यासमोर बदलून मागावे. नळ सोडून पाहावा. मुंबईत महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, बाकी वेळ इमारतीच्या टाकीवर भागते. म्हणून पाणी चोवीस तास असते का आणि गरम पाणी किती वाजता मिळते, हे स्पष्ट विचारावे. संडास-न्हाणीघर खोलीतच आहे की बाहेर सामाईक आहे, आणि गुडघे दुखणाऱ्यासाठी कमोड आहे का, तेही पाहावे. दाराची कडी आतून नीट बसते ना, हे बायकामुलींनी स्वतः लावून पाहावे.

दोन गोष्टी सहसा कुणी पाहत नाही. पहिली म्हणजे जिना. जुन्या इमारतीत लिफ्ट नसते, असली तरी बंद असते, आणि उंच छतामुळे एकेक मजल्याला पायऱ्या जास्त असतात. म्हातारे माणूस बरोबर असेल तर पहिल्या मजल्यावरचीच खोली मागावी. दुसरी म्हणजे बाहेर पडायची दुसरी वाट. लाकडी बांधणीच्या इमारतीत आग लागली तर कुठून निघायचे, हे सामान ठेवण्याआधी एकदा चालून पाहावे.

रस्त्याकडची खोली हवेशीर असते, पण हातगाड्यांचा खडखडाट पहाटेच सुरू होतो. रुग्ण बरोबर असेल तर मागच्या बाजूची घ्यावी. मुले बरोबर असतील तर मात्र पुढचीच घ्यावी, त्यांचा दिवस खिडकीत मजेत जातो.

पैशाचे बोलणे आधी

सकाळी सातला गाडी येते आणि पुष्कळ लॉजमध्ये खोलीचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. इथेच खटके उडतात. दिवस चोवीस तासांचा धरता की बारा ते बारा, हा पहिला प्रश्न विचारावा. चोवीस तासांचा हिशेब असेल तर सकाळी आलेल्याला तोच फायद्याचा. बारा ते बाराचा असेल तर लवकर येण्याचे वेगळे पैसे किती, हे आधीच ठरवावे. नाहीतर स्टेशनावरच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवून, तोंड धुऊन आधी कामाला लागावे आणि बाराला खोलीवर जावे.

जादा माणसामागे काय घेणार, जादा गादीचे किती, अनामत किती आणि ती परत कशी मिळणार, हे सारे विचारण्यात कमीपणा नाही. कर वेगळा की भाड्यातच, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जी. एस. टी. आहे. त्याहून जास्त टक्के कुणी लावले तर बिल मागावे. रोख दिले किंवा मोबाइलवरून दिले, पावती प्रत्येक वेळी घ्यावी.

घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे ओळखपत्र, आधार किंवा मतदार कार्ड, लागतेच. म्हातारीचे कार्ड घरी पेटीत राहिले म्हणून रात्री दहाला खोली नाकारली गेलेली मी पाहिली आहे. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती पिशवीत ठेवाव्या.

स्टेशनाबाहेर “रूम पाहिजे का, रूम?” म्हणत पाठीमागे लागणारे भेटतील. त्यांची दलाली शेवटी आपल्याच भाड्यातून जाते. मोबाइलवरचे फोटो पाहून खोली ठरवणाऱ्या आजच्या मुलांनाही एक सांगणे आहे. फोटोत खोली नेहमी मोठी दिसते. लॉजचा नंबर मिळवून सरळ फोन करावा, खाटा किती आणि खिडकी आहे का ते विचारावे आणि मगच पैसे पाठवावे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते गाडीतून उतरल्यावर. घरी बसून फोन करणाऱ्याला चांगली अक्कल असते.

लॉजशिवायच्या सोयी

दोन सोयी मात्र आधी विचारून पाहाव्या. बाहेरगावच्या गाडीचे पक्के तिकीट असेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूम मिळू शकतात. पी.एन.आर. क्रमांकावर आधी नोंदणी करता येते आणि मुक्काम जास्तीत जास्त ४८ तासांचा. एका-दोघांच्या कामाला त्या उत्तम, पण खोल्या थोड्या आणि मागणारे फार. मुंबई सेंट्रलला २०२१ साली झोपण्याच्या छोट्या कप्प्यांचे हॉटेलही निघाले. एकट्या तरुणाला ते चालेल, कुटुंबाला नाही.

कर्करोगाच्या उपचाराला आलेल्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा मोठा आधार आहे. आपल्या गाडगेबाबांनी देवळे बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधल्या, त्या अशाच माणसांसाठी. तिथे जाताना रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावे. उपचार लांबणार असतील तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारावे. राहण्याच्या धर्मादाय सोयींची माहिती त्यांच्याकडे मिळते.

या वस्तीवर आपलाही हक्क आहे

एवढे सांगितल्यावर एक अडचण उरते, ती मनातली. धोतर-टोपीतला माणूस किंवा नऊवारीतली बाई हॉटेलच्या पायरीशी थबकते. आपल्याला आत घेतील का, कुणी हसेल का, असे वाटते. अशा वेळी क्रॉफर्ड मार्केटच्या दारात उभे राहून मान वर करून पाहावे. १८६९ साली बांधून झालेल्या या मंडईच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेली चित्रे आहेत. ती जॉन लॉकवूड किपलिंग या कलाशिक्षकाने केली. त्यांत ना राजा आहे, ना लाटसाहेब. शेतात काम करणारी आपल्यासारखी माणसे आहेत. शेतकऱ्याच्या मालावर ही मंडई उभी राहिली. घाऊक बाजार १९९६ साली नवी मुंबईत वाशीला गेला, तरी फळांच्या राशी आजही इथे लागतात. मंडईला आता नाव आहे महात्मा जोतिबा फुल्यांचे, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्यांचे.

तिथून जवळच लोकमान्य टिळक मार्गावर सरदारगृहाची इमारत आहे. बाहेरगावच्या लोकांना उतरायला म्हणून हे जुने घर प्रसिद्ध होते. लोकमान्य मुंबईत आले की इथेच उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाची अखेर अशा उतरण्याच्या जागी झाली, आणि त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी गिरगावच्या चौपाटीपर्यंत गेली. लॉजला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कामातून दुपार मोकळी मिळाली तर खोलीवर नुसते पडून राहू नका. मंगळदास मार्केटात कापड आहे, लोहार चाळीत विजेचे सामान आहे, नागदेवी गल्लीत यंत्रांचे सुटे भाग आणि हत्यारे आहेत. पंपाचा एखादा भाग तालुक्याला मिळत नसेल तर नमुना पिशवीत घालून न्यावा. घासाघीस मात्र आपल्या आठवडी बाजारासारखीच करावी. मुंबादेवीचे दर्शनही याच टापूत होते, त्याला वेगळा दिवस लागत नाही.

निघताना हिशेब पुरता करावा, अनामत परत घ्यावी, गादीखाली, खिडकीत आणि न्हाणीघरातल्या खुंटीवर एकदा नजर टाकावी. ज्या पोऱ्याने पाणी आणून दिले त्याच्या हातावर काही ठेवावे, तोही कुठल्यातरी गावचाच असतो. आणि एक काम घरी आल्यावर करावे. लॉजचे नाव, फोन, खोलीचा क्रमांक, खाटा किती, भाडे काय पडले, पाणी कसे होते, हे सारे वहीत लिहून ठेवावे आणि ग्रामपंचायतीत किंवा दूध डेअरीवर सांगून ठेवावे. गावकीच्या खोल्या गेल्या, पण गावकीची वही करायला कुणाची ना नाही. उद्या गावातल्या कुणाला रातोरात रुग्ण घेऊन निघावे लागले, तर त्याच्या आईच्या प्रश्नाला निदान पत्त्यासकट उत्तर मिळेल.